उरा म्हणजे घर : मेळघाटातल्या एका वर्गातून खुलं पत्र

प्रति,
राज्याचं भाषाधोरण आणि प्राथमिक शाळेचा भाषा-अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य व अधिकारी

विषय : कोरकू मुलांना मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवू देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मेळघाटात रुजू होऊन मला दोन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. पहिलीच्या वर्गात आठवडाभर एक खेळ घेत होतो. चित्र दाखवायचं, मुलांनी मनात नाव घ्यायचं आणि त्या नावातला पहिला आवाज मोठ्याने सांगायचा. त्या दिवशी फळ्यावर घर काढलं. उतरतं छप्पर, दार, शेजारी झाड. वर्ग गप्प. मधल्या रांगेतली एक पोरगी, जी शाळा उघडल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "उ."

मी मान हलवली. "घ. घ घराचा." सगळ्या वर्गाने एका सुरात "घ घराचा" म्हटलं. ती खाली बसली ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुन्हा बोलली नाही.

कोरकूत घराला उरा म्हणतात. हे मला कळलं दुसऱ्या वर्षी, गावात घरकुलाच्या यादीवरून बायांचं भांडण जुंपलं होतं तेव्हा. दर दोन वाक्यांआड उरा. मला तिथेच ती पोरगी आठवली. शब्द फोडून त्यातला पहिला आवाज सुटा करणं ही वाचायला शिकण्यातली एक कळीची पायरी, आणि ती तिने एका झटक्यात ओलांडली होती. वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही ते जमलं नव्हतं. मी तिला चूक दिली. त्यानंतर मी पाण्याचं चित्र काढायचो तेव्हा 'प' येणार की 'ड', याची वाट बघायला लागलो. पाण्याला ते डा म्हणतात.

हे पत्र लिहायचं कारण मात्र ताजं आहे. मागच्या सत्रात शाळेला भेट द्यायला आलेल्या एका साहेबांनी शेरेबुकात लिहिलं : "इयत्ता दुसरीची मुले मातृभाषा वाचनात अप्रगत. जादा तास घ्यावेत." जादा तासांना माझी ना नाही, संध्याकाळी इथे दुसरं काय असतं? अडलं ते 'मातृभाषा' या शब्दापाशी. साहेबांना दोष देत नाही. छापील नमुन्यात रकान्याचं नावच तसं आहे. तो रकाना तुमच्याकडून आला म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि तुमच्यासारखाच तो बहुतेक मराठी वाचकांच्याही डोक्यात पक्का बसलेला आहे, म्हणून उघडं.

मी मूळचा अकोल्याकडचा. घरी वऱ्हाडी. "काहून" म्हटलं म्हणून डी.एड.ला टोकणी खाल्लेला माणूस. प्रमाण मराठी मीही शाळेतच शिकलो, पण ती माझ्या घराच्या उंबऱ्यापासून दोन पावलांवर होती. कोरकू मुलाच्या घरापासून मराठी किती लांब आहे हे तुम्हाला सांगायला हवं, कारण नकाशात ते दिसत नाही. मराठी, हिंदी, गुजराती या एका कुळातल्या. कोरकू वेगळ्याच कुळातली, मुंडा गटातली. संताळी, मुंडारी, सवरा या तिच्या बहिणी, सगळ्या पूर्वेला, शेकडो मैलांवर. २०११च्या जनगणनेत कोरकू भाषा बोलणारे ७,२७,१३३ लोक होते, बरेचसे मध्य प्रदेशात, बाकीचे बहुतेक आपल्या मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात. बाजाराला गेलं की कानावर हिंदी पडते. मराठी भेटते ती शाळेत, दवाखान्यात आणि तलाठ्याकडे.

२०२५च्या १६ एप्रिलला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो सुधारून आला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा झाली. त्या अडीच महिन्यांत साऱ्या महाराष्ट्राने एक वाक्य हजारदा म्हटलं : सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तीन भाषांचं ओझं नको. मीही म्हटलं. आणि मग माझ्या वर्गाकडे बघून बोटं मोजली. घरची कोरकू एक. शाळेची मराठी दोन. २००० सालापासून पहिलीतच असलेली इंग्रजी तीन. हिंदी आली असती तर ती यांची चौथी. त्या सगळ्या वादात, दोन्ही बाजूंनी, ही मोजणी कुणी केल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मराठीवर हिंदी लादली जाते म्हणून आपण चिडलो ते बरोबरच होतं. पण मराठी कुणाची तरी दुसरी भाषा असू शकते, हे आपल्या मनात आलंच नाही.

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार त्या रकान्याची. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्याव्यात असं १९५६ पासून लिहिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं, शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. २०२०चं राष्ट्रीय धोरण म्हणतं, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. माझ्या शाळेच्या व्हरांड्यात 'शिक्षण मातृभाषेतून' असा सुंदर रंगवलेला फलक आहे. मराठीत. खाली बसून खिचडी खाणाऱ्या एकाही पोराच्या मातेला तो वाचून दाखवला तरी कळणार नाही. कागदावर आम्ही मराठी माध्यमाची शाळा, म्हणजे मराठी प्रथम भाषा, म्हणजे पुस्तक गृहीत धरतं की मूल पाच-सहा वर्षं मराठी ऐकून-बोलून शाळेत आलंय आणि आता फक्त अक्षरं शिकायची राहिलीत. इथे आधी भाषाच यायची आहे.

दुसरी, घड्याळाची. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं उद्दिष्ट तुम्हाला पाठ असेल : दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०, आणि तेही समजून. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. त्यातला 'समजून' हा शब्द घाट चढून आमच्याकडे येईतो गळून पडतो, त्याच्याशी आहे. दुसरीतला एक मुलगा. मी मोबाइलचं घड्याळ लावलं. त्याने मिनिटात बावन्न शब्द वाचले, कुठेही न अडखळता. धडा आजीचा होता, आजी बाजारला जाते, काहीतरी आणते. मी विचारलं, "आजी कुठे गेली होती?" त्याने माझ्याकडे बघितलं, पुस्तक परत उघडलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. तितक्याच वेगात. नोंदीत तो 'प्रगत' आहे.

आणि जे पोर वाचत नाही, बोलत नाही, ते 'अप्रगत'. बाहेरून एम.ए. करताना मी दुसऱ्या भाषेचे सिद्धांत परीक्षेपुरते घोकले होते. स्टीफन क्रॅशेन, पाच गृहीतकं, दहा गुण. ते सगळं इथे येऊन कळलं. क्रॅशेन म्हणतो, नियम पाठ करून माणसाला भाषा येत नाही. आपल्याला येतं त्याच्या एक पायरी वरचं, पण संदर्भाने कळेल असं बोलणं कानावर पडत राहिलं की ती मुरते. मुरेपर्यंत शिकणारा गप्प असू शकतो, आठवडे नाही तर महिनेही. त्या गप्पपणाला मौनकाळ म्हणतात. भीती किंवा लाज वाटली की मनात एक गाळणी बसते आणि कानावर पडलेलं आत झिरपत नाही. माझ्या त्या 'घ घराचा'ने एका पोरीच्या मनात गाळणी नाही, सिमेंटची भिंत घातली होती.

मौनकाळ मी स्वतःही भोगलाय. पहिलं वर्षभर गावात कोरकू ऐकायचो आणि मख्खासारखा हसायचो. बोलायला लागलो ते पोट्ट्यांबरोबर. कुत्र्याला सिटा म्हणतात. एकदा दोन कुत्री भांडत होती तर मी ऐटीत म्हटलं, "सिटाकू." पोरं खो-खो हसली. "गुरुजी, सिटाकिंग!" कोरकूत दोनासाठी वेगळा प्रत्यय आहे आणि अनेकांसाठी वेगळा. (गावागणिक उच्चार थोडा बदलतो, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.) संस्कृतातलं द्विवचन शाळेत रडत पाठ केलं होतं, इथे ते नाक गळणारी पोरं खेळता खेळता वापरत होती. त्यांनी माझी चूक सुधारली, हसली आणि खेळ पुढे सुरू. लाल शाई नाही, शेरा नाही. मायकेल लाँग नावाच्या अभ्यासकाने १९८०च्या दशकात हेच मांडलं : समजलं नाही म्हणून थांबणं, पुन्हा विचारणं, समोरच्याने वाक्य वळवून सांगणं, या देवघेवीत भाषा येते. माझी कोरकू तशी आली, जेवढी आली तेवढी.

तिसरी तक्रार चुकांच्या हिशेबाची, आणि इथे जरा थांबणार आहे.

१९५७ साली रॉबर्ट लाडो या भाषा-अभ्यासकाने सांगितलं की पहिली भाषा दुसरीपेक्षा जिथे वेगळी, तिथे शिकणारा अडतो. १९६७ मध्ये पिट कॉर्डर म्हणाला, चुकांना घाबरू नका, त्या वाचा. शिकणाऱ्याच्या डोक्यात या घडीला कोणते नियम आहेत ते चुकाच दाखवतात. पाच वर्षांनी लॅरी सेलिंकरने त्या मधल्या अवस्थेला नाव दिलं. शिकणाऱ्याची भाषा ना घरची ना शाळेची, पण तिला स्वतःचं व्याकरण असतं. आपण तिला अंतरभाषा म्हणू.

माझ्या वह्यांचा गठ्ठा घ्या. "बाई आला." "माझा आई." मराठीत नामाला तीन लिंगं, पाटी ती, खडू तो, पुस्तक ते, का ते देवाला माहीत. कोरकूत स्त्री-पुरुष असा व्याकरणाचा भेद नाही, सजीव आणि निर्जीव एवढाच आहे. म्हणून "बाई आला" म्हणणारं पोर निष्काळजी नाही, ते आपलं व्याकरण पाळतंय. "पाच पुस्तक", "दोन खुर्ची". कोरकूत निर्जीव वस्तूच्या नावाला अनेकवचनाचा प्रत्यय सहसा लागत नाही. आकडा सांगितला, बास झालं. ही लाडोने सांगितलेल्या जातीची चूक, घरच्या भाषेतून आलेली.

आता दुसरी घ्या. "आईने भाकर करली." ही कोरकूतून आलेली चूक नाही. तुमच्या-आमच्या घरातलं तीन वर्षांचं मराठी पोरही "मी करलं" म्हणतं आणि आपण कौतुकाने हसतो. 'बसली', 'उठली' यांवरून नियम काढला आणि 'कर'ला लावला. केली हा अपवाद आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. हे पोर मराठीचा नियम पकडतंय, भाषा चालायला लागल्याची ही खूण आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यात मात्र "बाई आला" आणि "भाकर करली" दोन्ही एकाच फुलीखाली जातात. शिक्षकाला त्यातून कळतं काय? काही नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, जी तक्त्यात येतच नाही. हिंदी बोलणारा माझा एक मित्र वीस वर्षं महाराष्ट्रात आहे. मला जेवायला बोलावतो तेव्हा अजूनही म्हणतो, "चल, आम्ही जेवायला जाऊ." आम्ही आणि आपण यांतला फरक त्याला पकडता येत नाही, कारण हिंदीत दोन्हीला 'हम'. माझी पहिलीची पोरं हे कधी चुकत नाहीत. का चुकतील? त्यांच्या भाषेत तर या जागी चार शब्द आहेत. मी आणि तू दोघं : आलांग. मी आणि तो, तू नाही : आलिंग. आपण सगळे : आबुंग. आम्ही सगळे, तुला सोडून : आले. चार खोल्यांच्या घरातून दोन खोल्यांच्या घरात यायचं, अडचण कसली? जिथे कोरकू मुलांना मराठी इतरांपेक्षा सोपी जाते, त्या जागा आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात आम्हाला दाखवल्या गेल्या नाहीत. 'अप्रगत' म्हणायला मात्र रकाना तयार.

चौथी थोडक्यात. "अहो, मुलं तर मैदानावर छान मराठी बोलतात की!" हे वाक्य दर भेटीत ऐकतो. तिसरी-चौथीची मुलं बोलतात, खरं आहे. जिम कमिन्सने १९७९ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या : खेळताना, बाजारात लागणारी बोलभाषा आणि पुस्तक समजायला लागणारी अभ्यासाची भाषा. टोरोंटोच्या शाळांतली स्थलांतरितांची मुलं बघून त्याने सांगितलं की पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. चेंडू मागणं वेगळं आणि "बाष्पीभवन म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत लिहा" वेगळं. कोरकूतून विचारा, ओल्या कपड्यातलं पाणी कुठे जातं ते पोरगं हातवारे करून सांगेल. कमिन्सचाच दुसरा मुद्दा : दोन भाषांच्या मुळाशी समज एकच असते. एकीत पक्की झालेली गोष्ट दुसरीत न्यायला फक्त शब्द लागतात. त्या पोरीचं 'उ' आठवा. पहिला आवाज ओळखायची तिची हातोटी कोरकूत तयार होती, 'घ' तिला एका आठवड्यात मिळाला असता.

पाचवी : "लहान मुलं भाषा पटकन उचलतात, जेवढं लवकर तेवढं चांगलं." तीन भाषांच्या वादात हिंदीच्या बाजूने हेच सांगितलं गेलं आणि आमच्याकडे मराठीबद्दलही हेच सांगतात. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास छापला. तीन वर्षांच्या पोरांपासून मोठ्या माणसांपर्यंत. सुरुवातीच्या काळात सगळ्यात पुढे होती ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं, आणि सगळ्यात मागे तीन ते पाच वर्षांची. ती तर डच लोकांत राहत होती! लहानपणाचा फायदा उच्चारात दिसतो आणि फार पुढे दिसतो, तोही दिवसभर त्या भाषेत बुडालेल्या मुलाला. आमच्या पोराला मराठी मिळते साडेदहा ते पाच, एका माणसाच्या तोंडून, आणि तो माणूस निम्मा वेळ माहिती भरत असतो. इंग्रजीचं तर विचारूच नका.

सहावी तक्रार मी माझ्याविरुद्धच करतोय. माझ्या वर्गात दिवसभर मराठी ऐकू येते, पण पोरं ती बोलतात कुठे? "समजलं का?" "हो गुरुजीऽऽ." झालं. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकायची. मेरिल स्वेनने १९८५ मध्ये लिहिलं की सहावीत त्यांना ऐकलेलं छान कळत होतं, विषयांत ती मागे नव्हती, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चंच राहिलं होतं. सात वर्षं ऐकूनही. कारण पूर्ण वाक्य बनवायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नव्हती. क्रॅशेनचं ऐकणं हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. स्वेन वाचल्यावर मी सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेणं कमी केलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू आहेतच. १९७९ ते ८४ या काळात त्यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत, मोठमोठ्या वर्गांत, इंग्रजी शिकवताना व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना कामं दिली. नकाशा बघून वाट सांग, रेल्वेचं वेळापत्रक बघून कुठली गाडी पकडशील ते सांग. मुलाचं लक्ष अर्थाकडे लागलं की रचना मागून येते, असा त्यांचा विश्वास. आमच्याकडे रेल्वे नाही, मोहफुलं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये निम्मा वर्ग पहाटे आईबरोबर वेचायला जातो. मी तराजू आणला. किती भरली, वाळून किती राहिली, व्यापारी काय भाव देतो, कुणाला तोटा झाला? सगळं मराठीत, अडलं तर कोरकूत. त्या तासाला जी मुलं बोलली त्यातली दोन माझ्याशी आधी कधीच बोलली नव्हती. तपासणीत त्या तासाची नोंद "पाठ्यघटक अपूर्ण" अशी आहे. असो.

आता मागण्या. एकही अशी नाही, की जिच्यासाठी नवी इमारत लागेल.

ज्या शाळांत पहिलीतल्या बहुतेक मुलांची घरची भाषा मराठी नाही, तिथे मराठी ही दुसरी भाषा आहे असं लेखी मान्य करा. कोरकूच नाही, गडचिरोलीत गोंडी-माडिया आहे, नंदुरबारकडे भिली, पावरी आहेत. दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकाना आहे, घरच्या भाषेचाही घाला. दाखल होताना विचारायचा एक प्रश्न आहे.

पहिलं वर्ष तोंडी मराठीला द्या. अक्षरओळख कोरकू शब्दांवरून, देवनागरीतच करू द्या : उ उराचा, ड डाचा. लिपी एकच आहे, अक्षरं वाया जाणार नाहीत. मराठी वाचन त्यावर बसवू. मिनिटाचं घड्याळ या शाळांत तिसरीपर्यंत लावू नका. लावायचंच असेल तर वाचून झाल्यावर एक प्रश्न कोरकूतून विचारा आणि उत्तर कोरकूतून घ्या.

प्रत्येक शाळेत गावातली एक कोरकू बोलणारी व्यक्ती वर्गात हवी, मानधनावर, आणि ते मानधन महिन्याच्या महिन्याला. गावोगावी दहावी-बारावी झालेल्या मुली घरी बसून आहेत. त्यांच्या एका तासात जे होतं ते माझ्या महिन्यात होत नाही.

शिक्षकांना कोरकू शिकवा. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क मिळतो, तो मिळायलाच हवा. इथे म्हातारे आईवडील घेऊन कुणी राहत नाही. पण भाषा कानात बसायला लागते तेव्हाच माणूस निघून जातो. ज्याला थांबायचंय, ज्याने कोरकू शिकलीय, त्याला त्याचं काहीतरी द्या. वेतनवाढ नाही जमत, तर निदान प्रमाणपत्र.

चुकांच्या तक्त्याला तीन रकाने करा : घरच्या भाषेतून आलेली, मराठीचा नियम लावताना झालेली, आणि खरंच दुर्लक्षाने झालेली. पहिल्या दोन खाली शेरा नको.

आणि दुसरीनंतर कोरकू टाकून देऊ नका. शिडीसारखी वापरून ढकलून द्यायची ती भाषा नव्हे. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दोन्ही भाषा नीट येणारी मुलं एकभाषी मुलांपेक्षा चाचण्यांत पुढे निघाली. त्या अभ्यासावर पुढे आक्षेपही आले, पण दुसरी भाषा मुलाला मागे खेचते ही जुनी समजूत त्याने मोडली. पहिलीवर दुसरी चढवायची की पहिली पुसून दुसरी लिहायची, एवढाच प्रश्न आहे.

हे होतं का? ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीपासून शिकवणं सुरू केलं. त्यांत संताळी आहे, सवरा आहे, जुआंग आहे, म्हणजे कोरकूच्याच बहिणी. तिथे सगळं आलबेल आहे असं म्हणत नाही. पण सुरुवात करून बघायला वीस वर्षांपूर्वी एका राज्याला जमलं.

ती पोरगी पुढे आश्रमशाळेत गेली. गेल्या होळीला फगवा मागणाऱ्या पोरींच्या घोळक्यात भेटली. मला रस्त्यात अडवून, अस्खलित मराठीत, "गुरुजी, पन्नास रुपयांशिवाय सोडणार नाही" म्हणाली. आणि मग मैत्रिणींकडे वळून कोरकूत काहीतरी बोलली, त्यावर सगळ्या हसल्या. मला अर्धंच कळलं.

जूनअखेरीला विदर्भातल्या शाळा उघडतील. माझ्या पहिलीच्या यादीत एकोणीस नावं आहेत. पहिल्या दिवशी मी फळ्यावर घराचं चित्र काढणार आहे आणि त्याखाली दोन शब्द लिहिणार आहे, आधी उरा, मग घर. यासाठी पूर्वपरवानगी लागत असेल तर कृपया त्याआधी कळवावे.

आपला,
मेळघाटातला एक प्राथमिक शिक्षक